अण्णांचा तुलनात्मक तक्ता

सांगलीत विश्रामबागेतल्या त्या घरात माणसं साडेतीन होती आणि बिलं चार. साडेतीन अशासाठी, की चारुशीलाचा नवरा शौनक पुण्यात नोकरीला होता. शनिवारी दुपारी यायचा, रविवारी संध्याकाळी जायचा. मधले पाच दिवस तो व्हिडिओ कॉलवरून घर चालवायचा. म्हणजे चालवायची चारुशीलाच. तो सूचना द्यायचा.

चार बिलं म्हणजे एक घरच्या फोनचं, एक नेटचं, एक केबलचं आणि चौथं सिनेमाच्या अॅपचं. हे अॅप तिच्या मुलीने, ओवीने ‘पहिला महिना फुकट’ म्हणून घेतलं होतं, आणि तो पहिला महिना संपून आता दोन वर्षं झाली होती.

मार्चमधल्या एका शनिवारी शौनकच्या हाती ही चारही बिलं एकदम लागली. त्याला धक्काच बसला. इतकी वर्षं ती कोण भरतंय हा प्रश्न त्याला पडला नव्हता, त्यामुळे धक्का ताजा होता.

“आजकाल असं सुटं सुटं कोणी घेत नाही,” तो म्हणाला. “बंडल घ्या. फोन, नेट, टीव्ही सगळं एकात. स्वस्त पडतं.”

“किती स्वस्त?” चारुशीलाने विचारलं. ती हायस्कुलात गणित शिकवायची, त्यामुळे आकड्याशिवायचं उत्तर तिला पचत नसे.

“ते बघा ना तुम्ही कंपेअर करून. अण्णा आहेत की घरात.”

अण्णा म्हणजे तिचे सासरे. वय शहात्तर. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या निविदा उघडल्या होत्या, पण स्वतःच्या घरासाठी निविदा मागवायचा योग कधी आला नव्हता. त्यांनी त्याच संध्याकाळी फुलस्केपचे चार कागद एकमेकांना चिकटवले, लाल शाईने रेघा मारल्या आणि वर ठळक अक्षरात लिहिलं : ‘तुलनात्मक तक्ता’.

स्पर्धेत तिघे होते. एक, ज्यांचा फोन घरात पस्तीस वर्षं होता ती जुनी कंपनी. दुसरी घरोघर केबल. तिसरी झपाट फायबर. झपाटच्या वतीने पृथ्वीराज नावाचा तासगावचा मुलगा आला. सांगलीच्या उन्हात टाय घालून फिरण्याचा पगार त्याला वेगळा मिळत नसावा, कारण आल्या आल्या तो दोन तांबे पाणी प्यायला.

“काका, महिन्याला फक्त चारशे नव्व्याण्णव,” तो म्हणाला. “त्यात लँडलाइन फ्री, साडेतीनशे चॅनेल फ्री, बारा ओटीटी फ्री.”

“सगळं फुकट, मग चारशे नव्व्याण्णव कशाचे?”

“नेटचे.”

“आणि हे काय?” अण्णांनी पत्रकावरच्या आकड्याशेजारच्या चांदणीवर बोट ठेवलं.

“ते टर्म्स अँड कंडिशन्स.”

“कुठं आहेत त्या?”

“वेबसाइटवर आहेत काका. नेट घेतलं की दिसतील.”

अण्णांनी ‘अटी’ या रकान्यात लिहिलं : ‘नेट घेतल्यावर दिसतील.’ मग पृथ्वीराजला चहा दिला आणि पुढच्या मंगळवारी बोलावलं. असे चार मंगळवार झाले. चांदणीच्या पोटातून दर मंगळवारी एकेक अट बाहेर पडत गेली. अठरा टक्के कर वेगळा. वर्षाचे पैसे आगाऊ. टीव्हीच्या डब्याची अनामत वेगळी. साडेतीनशे चॅनेलांपैकी मराठी अकरा, आणि त्यातल्या दोनांवर दिवसभर दागिन्यांची विक्री. घरोघर केबलचा माणूस तर दर आठवड्याला बदलायचा आणि प्रत्येक नवा माणूस आधीच्याचा दर खोटा ठरवायचा. महिन्याभरात तक्त्याचे रकाने बावीस झाले. लोकांनी धरणं बांधली असतील इतक्या वेळात, असं चारुशीला मनातल्या मनात म्हणाली. मग सासरे पाटबंधाऱ्यातले आहेत हे आठवून तिने वाक्य मागे घेतलं.

शेवटी एका रात्री जेवणानंतर तिने पेन्सिल घेतली आणि दहा मिनिटांत हिशेब मांडला. करासकट झपाट पाचशे एकोणनव्वद. घरोघर सहाशे चाळीस. जुन्या कंपनीचं फायबरचं बंडल करासकट हजार रुपये. झपाट सर्वांत स्वस्त, विषय संपला.

पण अण्णांच्या तक्त्यात पहिली आली होती जुनी कंपनी. तिला शंभरपैकी ऐंशी गुण, झपाटला अडतीस.

“हे कसं?” तिने विचारलं.

अण्णांनी बाविसावा रकाना दाखवला. ‘नंबर राहील का?’ जुनी कंपनी : राहील. बाकी दोघे : नाही. या एका रकान्याला पन्नास गुण होते.

“अण्णा, दर, वेग, चॅनेल, सगळं मिळून पन्नास आणि एकट्या नंबराला पन्नास? हे कुठल्या गणितात बसतं?”

“सरकारी,” अण्णा म्हणाले.

“पण त्या नंबरवर आता फोन करतं कोण? कर्ज घ्या म्हणणारे आणि लॉटरी लागली म्हणणारे.”

“इतरही येतात.”

“कोणाचे?”

“येतात,” अण्णा म्हणाले आणि तक्त्याची घडी घालायला लागले.

चारुशीलाने पुढे विचारलं नाही. ती सकाळी साडेदहाला शाळेत जायची ते संध्याकाळी साडेपाचला यायची. ओवी शाळा आणि क्लास यांच्यामध्ये घरी फक्त जेवायची. मधल्या सात तासांत त्या फोनवर काय होतं हे दोघींना ठाऊक असायचं कारण नव्हतं. सुटीच्या दिवशीही तो अण्णाच उचलायचे. म्हाताऱ्या माणसांचा जुन्या वस्तूंवर जीव असतो, अशी एक तयार समजूत जवळ असली की विचार करायचा त्रास वाचतो. चारुशीलाने तो वाचवला.

एप्रिलमध्ये अण्णा पुतण्याच्या मुलाच्या मुंजीला साताऱ्याला गेले. तिथून मेढ्याला एका जुन्या सहकाऱ्याकडे जाऊन चार दिवसांनी येणार होते. ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पृथ्वीराज आला.

“मॅडम, ऑफर आज रात्री बारा वाजता संपतेय.”

ती ऑफर पुढे दोन महिने रोज रात्री बारा वाजता संपत होती, पण हे तेव्हा चारुशीलाला माहीत नव्हतं. तिने शौनकला फोन लावला. जुना फोन दहा वर्षांपूर्वी शौनकच्या नावावर केलेला होता. “घेऊन टाक,” तो म्हणाला. “अण्णांचा तक्ता वर्षभर चालेल.” रविवारी त्याने जुना फोन बंद करायच्या अर्जावर सही केली. अर्ज चारुशीलाने लिहिला. ‘बंद करण्याचे कारण’ या ओळीपुढे तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘उपयोग नाही.’ लहान मुलाचा हलता दात तो दुसरीकडे बघत असताना काढावा, तसं हे उरकून टाकलं म्हणजे बरं, असं तिने स्वतःला समजावलं.

अण्णा परत आले तेव्हा कोपऱ्यातल्या तिवईवर पांढराशुभ्र नवा फोन होता. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

“नंबर?”

चारुशीलाने नवा नंबर लिहिलेला कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, खिशात ठेवला.

“छान आहे,” ते म्हणाले. “स्वच्छ दिसतो.”

दर काय पडला, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. महिनाभर दरासाठी तीन कंपन्यांचा जीव खाणाऱ्या माणसाने दर विचारला नाही, हे चारुशीलाला जरा टोचलं. ती भांडणाची पूर्ण तयारी करून बसली होती. चार मुद्दे तर तिने पाठ केले होते. ते वाया गेले.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा सकाळी नऊला कापडी पिशवी घेऊन बाहेर पडायला लागले. शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे होते, तेव्हा चारुशीलाचं लक्ष गेलं नाही. मे महिन्याची सुटी लागली तेव्हा गेलं. नऊला जायचे, एकला जेवायला यायचे, तीनला पुन्हा जायचे.

“कुठं जाता अण्णा?”

“जरा पाय मोकळे करायला.”

मे महिन्यात सांगलीत दुपारी तीनला पाय मोकळे करायला फक्त म्हशी बाहेर पडतात, आणि त्याही नदीच्या दिशेने. अण्णा रुसले आहेत, एवढं चारुशीलाला कळलं होतं. रुसलेला माणूस चालून दमला की बोलतो, असा तिचा अंदाज होता. तीन आठवडे झाले तरी अण्णा दमेनात.

मग एके दिवशी ते रक्तदाबाची गोळी न घेताच गेले. अकराच्या सुमारास तिला ती गोळी ताटलीत तशीच दिसली. मोबाइल लावला तर तो आतल्या खोलीत वाजला. शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, “अण्णा ना? आमच्या ह्यांना रोज एसटी स्टँडवर दिसतात. कुठं जायचंय का त्यांना?”

चारुशीलाने गोळी उचलली आणि स्कूटी काढली. रुसलेला म्हातारा माणूस रोज स्टँडवर जाऊन बसतो, याचे जेवढे अर्थ निघतात तेवढे सगळे तिने स्कूटीवरून जाताना काढले. त्यातला एकही चांगला नव्हता. साताऱ्याला पुतण्याकडे राहायला जायचं चाललं असेल. मेढ्याला. कुठल्यातरी आश्रमात. एका फोनच्या नंबरापायी लोक काय म्हणतील, याची तर तिने वाक्यंसुद्धा रचली.

सुटीची गर्दी होती. फलाटांसमोरच्या सिमेंटच्या बाकावर अण्णा बसलेले तिला लांबूनच दिसले. मांडीवर जाडजूड वही उघडी, चष्मा नाकाच्या टोकावर. समोर दोन माणसं वाकून उभी होती. अण्णा वहीत बोट फिरवून त्यांना काहीतरी सांगत होते. माणसं मान डोलावून गेली. चारुशीला पुढे व्हायला लागली तोच डोक्यावर बोचकं घेतलेली एक साठीची बाई अण्णांपुढे येऊन उभी राहिली.

“आवं दादा, उमदीची गाडी कवा हाय?”

“अकराची आत्ताच गेली. आता सव्वादोनची, जतवरून जाणारी,” अण्णा म्हणाले. “पण तिला फार गर्दी होते. त्यापेक्षा बाराची जत गाडी धरा, बसायला मिळेल. जतला उमदीसाठी दुसरी मिळते. आणि सुटे पैसे हाताशी ठेवा.”

बाई जागची हलली नाही. बोचकं एका हाताने सावरून ती अण्णांकडे टक लावून बघायला लागली.

“पुन्ना बोला बरं.”

“काय बोलू?”

“कायबी बोला. तुमचा आवाज वळखीचा वाटतुया.” मग तिचे डोळे मोठे झाले. “तुमी फोनवालं न्हवं? सुटं पैसं ठिवा म्हणणारं?”

अण्णांनी मान हलवली.

“आगं आई गं!” बाईने बोचकं खाली ठेवलं आणि त्याच्यावरच बसली. “मी बनुबाई. जत तालुक्यातली. दर म्हैन्याला लेकीकडं येतीया, तवा तुमास्नी फोन करून इचारती न्हाई का? आवं, दीड म्हैना झाला, फोन लावला की एक बाई म्हणती, ह्यो नंबरच न्हाई. आमास्नी वाटलं, गेलासा तुमी!”

“अजून नाही,” अण्णा म्हणाले.

“मी तर वाडीत सांगून बी टाकलं. लय हळहळ झाली बगा. आमची सासू म्हणली, चांगलं माणूस हुतं, कवा वसकन अंगावर आलं न्हाई.”

हयात असताना आपला शोकप्रस्ताव ऐकायला मिळणं फार थोड्यांच्या नशिबी असतं. अण्णा संकोचले. चष्मा काढून पुसायला लागले आणि तेव्हाच त्यांना खांबाशेजारी गोळी हातात धरून उभी असलेली सून दिसली.

बनुबाईला गाडीत बसवून दिल्यावर दोघं बाकावर बसली. गोळी घेऊन झाली. अण्णांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

सतरा वर्षांपूर्वी कवठेमहांकाळच्या एका भांड्यांच्या दुकानदाराने गिऱ्हाइकांना वाटायला कॅलेंडर छापलं. त्यात मागच्या पानावर उपयोगी नंबर होते. ‘बसस्थानक चौकशी, सांगली’ याच्यापुढे एक आकडा चुकला. आठाच्या जागी तीन पडला आणि तो झाला यांच्या घरचा नंबर. जत, कवठेमहांकाळ, पार वडूजपर्यंत त्या दुकानाची भांडी गेली होती आणि भांड्यांबरोबर कॅलेंडरंही. फोन यायला लागले. पहिले आठ दिवस अण्णा ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून द्यायचे.

“मग तुझ्या सासूबाई म्हणाल्या, राँग नंबर सांगायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात गाडीची वेळ सांगून होते. स्टँडवर जाऊन वेळापत्रक उतरवून आणा. आणलं. तेव्हापासून चालू आहे. वेळा बदलल्या की मी वही बदलतो.”

“दुकानदाराला कळवलं नाही?”

“पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं, चुकीबद्दल दिलगीर आहोत, दुरुस्ती केली आहे. पुढच्या वर्षी तोच नंबर जरा मोठ्या टायपात छापला.”

“आता मोबाइलवर सगळं कळतं हो अण्णा.”

“तुला कळतं. बनुबाईंना कळत नाही. आता रोज दहाबाराच फोन येतात, पण ते ज्यांना कळत नाही त्यांचेच असतात. फोन बंद झाला म्हणून मग म्हटलं, इथंच येऊन बसावं. निदान आलेल्यांना तरी सांगता येईल.”

“आम्हाला सांगितलं का नाही कधी?”

“हसला असता तुम्ही.”

‘छे हो’ असं म्हणायला चारुशीलाने तोंड उघडलं. पण वीस वर्षं मुलांचे चुकलेले ताळे कापण्यात गेली होती. स्वतःचा चुकलेला ताळा तिला बरोबर म्हणता येईना.

“हो,” ती म्हणाली. “हसलो असतो.”

दुसऱ्याच दिवशी ती जुन्या कंपनीच्या ऑफिसात गेली. काउंटरवरच्या माया नावाच्या बाईंनी संगणकात पाहिलं, मग फायलीतून अर्ज काढला.

“तुम्हीच लिहिलंय ना? ‘उपयोग नाही.’”

“उपयोग निघाला,” चारुशीला म्हणाली.

नंबर अजून दुसऱ्या कोणाला गेला नव्हता. तो परत मिळणार होता. पण तांब्याच्या जुन्या तारेवर नाही, फायबरवर. आणि फायबरवर सुटा फोन घेण्यात अर्थ नव्हता, कारण तो बंडलपेक्षाही महाग पडत होता. बंडल हजाराचं. सहा महिन्यांचे आगाऊ. तिने अण्णांच्या नावाने फॉर्म भरला. वापराचा हेतू विचारला होता तिथे ती पेन धरून जरा वेळ थांबली आणि मग ‘घरगुती’ असं लिहिलं.

झपाट फायबरला तिने फोन करून वर्षाचे पैसे परत मागितले. तिकडची मुलगी अतिशय गोड बोलली. इतकी गोड, की पैसे मिळणार नाहीत हे चारुशीलाला पहिल्याच वाक्यात कळलं. ती अट चांदणीत होती.

अशा रीतीने स्वस्त पडावं म्हणून सुरू झालेल्या कामाचा शेवट घरात दोन नेट, दोन फोन, सातशे चॅनेल आणि वीस ओटीटी असा झाला. भिंतीवर दोन डबे हिरवे दिवे मिचकावत बसले. दोन्ही मिळून खर्च पूर्वीच्या चार बिलांपेक्षाही जास्त होता. ओवीला मात्र आपल्या आईबद्दल प्रथमच आदर वाटायला लागला.

शनिवारी शौनक आला आणि भिंतीकडे बघतच राहिला.

“दोन-दोन? हे कोणी सांगितलं करायला?”

“तूच,” चारुशीला पोळी लाटता लाटता म्हणाली. “बंडल घ्या म्हणालास. एकच घ्या असं नव्हतास म्हणाला.”

मग तिने त्याला सगळं सांगितलं. भांड्यांचं दुकान, कॅलेंडर, वही, बनुबाई. शौनक हसायला लागला. एकदा हसला, दोनदा हसला, तिसऱ्या वेळी त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उरलेलं हसू खोकल्यात घातलं. जेवण झाल्यावर तो अण्णांच्या खोलीत गेला आणि त्यांची वही बराच वेळ चाळत बसला. बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाला, “आईचं अक्षर आहे त्यात. पहिली दहा-बारा पानं.”

नंबर परत सुरू झाल्यावर अण्णा स्टँडवर जायचे थांबले आणि तिवईशेजारी खुर्ची टाकून बसले. पहिल्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी एक आला, तो कर्ज घ्या म्हणणाऱ्याचा. तिसरा, चौथा दिवस कोरडा गेला. लोकांनी नंबर मेला असं धरून तो सोडून दिला असणार, हे उघड होतं. चारुशीलाला आपण सहा हजार रुपये भरून अण्णांना खुर्चीत बसवून ठेवलं की काय असं वाटायला लागलं. तिने दोनदा स्वतःच्या मोबाइलवरून रिंग देऊन पाहिली, लाइन चालू आहे ना म्हणून. दोन्ही वेळा अण्णांनी पहिल्या घंटेला उचलला आणि दोन्ही वेळा तिला लाजल्यासारखं झालं.

पाचव्या दिवशी दुपारी तो वाजला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता, की चारुशीलाला स्वयंपाकघराच्या दारातून शब्दन् शब्द ऐकू येत होता.

“चवकशी का?”

“हो, बोला.”

“काय बोला? दोन म्हैनं फोन बंद तुमचा! झोपला हुतासा काय? मी कृष्णात बोलतुया, वडूजचा. परवाच्या दिशी तीन तास उभा हुतो फलाटावर. फुकटचा पगार घेता न्हवं सरकारचा? जरा तर लाज वाटू द्या!”

चारुशीला फोन हिसकावून घ्यायलाच निघाली होती. सतरा वर्षं पदरमोड करून ज्यांनी लोकांना गाड्या सांगितल्या, त्यांना हे ऐकून घ्यायचं? पण अण्णांचा चेहरा पाहून ती थबकली. एवढ्या आनंदाने शिव्या खाणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. ते खुर्चीत ताठ झाले होते.

“चूक झाली,” अण्णा म्हणाले. “लाइनमध्ये बिघाड होता. पुन्हा नाही होणार. कधी निघायचंय?”

“उद्या सकाळी. सांगलीस्नं वडूजला.” पलीकडचा आवाज जरा खाली आला. “बायको संगं हाय, तिला चढ-उतार जमत न्हाई. थेट गाडी गावंल काय?”

“बघतो. फोन ठेवू नका,” अण्णा म्हणाले आणि बोटाला थुंकी लावून त्यांनी वहीचं पान उलटलं.